उथळ विहीर

फार पूर्वी, नदी समुद्राला मिळते तिथल्या एका बेटावर दोन विहिरी होत्या. धाकटी थोरलीला हिणवायची, "आक्का, तुझ्यात घागरसुद्धा बुडत नाही. बायका करवंटीने पाणी भरतात!"

थोरली म्हणाली, "आपलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. फार खाली जाऊ नकोस."

धाकटीने हट्टाने स्वतःला आणखी दोन माणसांच्या उंचीइतकं खोल खणून घेतलं. पाणी भरपूर आलं. पाणी भरायला आलेल्या यसूबाईने घोट घेतला आणि थुंकला. "शी! मीठच की! बुजवून टाका हिला."

धाकटी रडू लागली. थोरली म्हणाली, "यसूबाई, तळ तेवढा बुजवा. पुढचं नदी बघेल."

तळ बुजवला. दोन पावसाळे नदीचं पाणी मुरलं आणि खारं खाली दबलं.

आता धाकटीतही घागर बुडत नाही. करवंटीने पाणी भरताना यसूबाई म्हणते, "गोड आहे हो!" धाकटीला तेवढं पुरतं.