'काहीच नाही' म्हणजे किती

त्या राज्यात जड कामं पोलादी हात करत, आणि आपण काय धरलंय हे पोलादी हातांना कळत नसे. खाणीत त्यानं काही बिघडत नव्हतं. दगड तक्रार करत नाहीत. पण उबवणघरातले पारवे थकत चालले होते. तिथली अंडी दिवसातून सहा वेळा परतावी लागत, आणि मदतीला आलेला पहिला पोलादी हात पहिल्याच सकाळी परत पाठवावा लागला होता. त्या सकाळबद्दल उबवणघरात कुणी बोलत नसे.

म्हणून डोंगरापलीकडच्या आठ पायांच्या कोळिणींना हातासाठी कातडी विणायला सांगितलं. जाळ्याचा धागा थरथरला की माशी आली का नुसता वारा, हे कोळिणींना बसल्या जागी कळतं. त्यांनी बारीक वीज खेळवलेले धागे विणले, आणि एकोणीस कातड्या वाया गेल्यावर विसावी एका पोलादी मुठीला नीट बसली.

कातडी बसली म्हणून मुठीला सगळं कळायला लागलं असं नव्हे. तानाई नावाची कोळीण रोज तिच्या तळव्यावर काहीतरी ठेवी, मोहरीचा दाणा, कडुलिंबाचं पान, चिंचोका, आणि सांगे, हे एवढं. प्रत्येक धड्याआधी मात्र ती म्हणे, "आत्ता काहीच नाही, बरं का. हे 'काहीच नाही' नीट लक्षात ठेव. बाकी सगळं त्याच्यापासून मोजायचं." मूठ लक्षात ठेवी. पान पहिल्यांदा कळलं त्या दिवशी तिनं ते संध्याकाळपर्यंत कुणाला उचलू दिलं नाही.

शिकणं संपलं आणि तिला उबवणघरात पोचवलं. तिथल्या थोरल्या पारवीला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाईंनी मुठीला एकदा न्याहाळलं आणि बोटं जाड आहेत एवढंच म्हटलं.

मूठ मनापासून राबत होती. पण तिचं काहीतरी चुकत होतं आणि काय ते तिलाच उमगत नव्हतं. काही धरलेलं नसतानाही तिला आतून ओढ लागल्यासारखं होई, मग हाताशी येईल ते ती घट्ट धरे. दाराची चौकट धरे, घरट्याची कड धरे. अंडं उचलताना हटकून जरा जास्त दाबे. तिसऱ्या दिवशी एका अंड्याला केसाएवढी चीर गेली. आतलं पिल्लू वाचलं. चिरेवर डिंक लावता लावता आत्याबाईंनी विचारलं, "तिकडं काय धोंडेच धरायला शिकवलं होतं का?" तरुण पारवे आपसात म्हणू लागले की पोलादबाईंनी कौतुकानं कुरवाळलं तर मान सांभाळा.

मग कोळिणींना निरोप गेला. आणखी एक चीर गेली तर कातडी सोलून मुठीला खाणीत धाडायचं ठरलं होतं. मुठीला खाणीच्या कष्टांची भीती नव्हती. खाणीत पान आणि धोंडा पुन्हा एकच होणार होते, त्याची होती.

तानाई आली. तिनं एकेक धागा तपासला, सगळे ठणठणीत. धागे चांगले असतील तर हिचा स्वभावच तसा, असं आत्याबाईंनी भिंतीकडं बघत म्हटलं. पहिल्या धड्यापासून बघू, म्हणून तानाई मुठीशेजारी नेहमीसारखी बसली.

"आत्ता किती आहे?"

"काहीच नाही," मूठ म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिची बोटं सैल पडली होती.

तानाई पुढं बोलणार होती, ती थांबली. तिचा एक पाय मुठीच्या मनगटावर होता. कातडी सरकू नये म्हणून प्रत्येक धड्याला तो तिथंच असायचा. आठ पायांतला एक कुठं टेकलाय, याचा हिशेब कोळिणी ठेवत नाहीत.

तिनं तो उचलला. "आणि आता?"

"आता कमी आहे."

"काय कमी आहे?"

"ते माहीत नाही. इथं आल्यापासून कमी आहे."

तानाईनं तोंड फिरवलं आणि ठीकठाक असलेला एक धागा पुन्हा बांधला. मग म्हणाली, "चूक माझी आहे, पोरी. तुला 'काहीच नाही' शिकवलं, तेव्हा मी होते."

ते पुसून नव्यानं शिकायला हवं होतं. तानाई दोन हात लांब जाऊन उभी राहिली. ही जी मोकळी जागा आहे, तिला आता काहीच नाही म्हणायचं, असं तिनं सांगितलं.

"मग तू किती?" मुठीनं विचारलं.

"ते मग कळेल."

दुपार झाली. मुठीची बोटं पुन्हा पुन्हा हवेवरच आवळत होती. हळूहळू ती थांबली. "आत्ता काहीच नाही," असं मूठ आपणहून म्हणाली, फार हळू.

आत्याबाईंनी सगळ्यात पातळ कवचाचं अंडं स्वतः आणून तिच्या तळव्यात ठेवलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. मुठीनं ते पेललं. आतून कुणीतरी टकटक केली. टकटक थांबेपर्यंत मूठही थांबली, मग अंडं परतून तिनं जागेवर ठेवलं.

"पलीकडची ओळ राहिलीय अजून," आत्याबाई म्हणाल्या आणि आपल्या कामाला गेल्या.

तानाई निघाली. जाण्याआधी जवळ येऊन तिनं मुठीच्या मनगटावर पाय टेकला.

मूठ स्तब्ध झाली. "हे काय आहे?"

मुठीनं मोजून पाहिलं. मोहरीहून जास्त, पानाहून कमी. इतकं जपून तिच्यावर आजवर कुणी काही ठेवलं नव्हतं. तिची पाचही बोटं मिटू पाहत होती, पण तो पाय आपणहून उचलला जाईपर्यंत तशीच उघडी राहिली.