सुगंधाचं उत्तर

“मग सुगंधाला गणितातून सूट द्यायची ना, सर?”

मुजावर सर पेरू कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शर्वरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. मिरजेच्या या विशेष मुलांच्या शाळेसाठी तिनं टॅबवर गणित शिकवणारं अ‍ॅप बनवलं होतं. ज्याला दिसत नाही त्याच्याशी ते बोलायचं. ज्याला ऐकू येत नाही त्याला चित्रं दाखवायचं. ज्याचे आकडे उलटसुलट व्हायचे, त्याला रंगांनी वाट दाखवायचं. अख्खा वर्ग त्यावर खूश होता आणि शर्वरीला त्याचा अभिमान होता.

एक सुगंधा तेवढी राहिली. तिचे हात आखडलेले, जीभ जड. गणित समोर आलं की ती नुसती बघत बसायची.

“सगळं करून पाहिलं,” शर्वरी म्हणाली. “तिला नाही जमायचं.”

“ती गप्प राहिली की तुझं यंत्र काय करतं?”

“थोडं थांबतं. मग स्वतःच उत्तर सांगतं आणि पुढचं गणित देतं. मूल अडकून पडू नये म्हणून.”

“असं...”

सरांनी पेरूची फोड तिच्यापुढे धरली.

“आई कशी आहे गं तुझी?”

“आई ना, परवा—”

“बरी असेल. घराचं काम कुठवर आलं?”

“अजून गवंडी—”

“होईल, होईल. जेवलीस का? जेवली असशील.”

“सर, मला बोलू तर द्या!”

सर गप्प झाले. फोड तशीच हातात...

शर्वरीची नजर त्यांच्यावरून टॅबकडे गेली. मग टॅब घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली. उठली तेव्हा अ‍ॅपमधली ती वेळेची अट तिनं काढून टाकली होती.

टॅब सुगंधापुढे ठेवला.

“आठात सात मिळवले तर किती?” टॅबनं विचारलं.

सुगंधा बघत राहिली.

डब्याची घंटा झाली. मुलं हात धुवायला पळाली. वर्ग रिकामा झाला...

शर्वरीला राहवेना. तिचा हात पुढे झाला. सरांनी तो अलगद मागे सारला.

...

सुगंधाची मूठ हलली. एक बोट सुटं झालं. थरथरत, आकड्यांवरून चाचपडत ते टेकलं. एक. मग बऱ्याच वेळानं, सहा.

सोळा.

शर्वरीचे खांदे पडले.

“चुकली, सर.”

सुगंधानं तोवर कोपरानं टॅब स्वतःकडे ओढून घेतला होता.

सर तिच्याकडे बघत होते. चेहरा उजळलेला.

“हो...” ते म्हणाले. “आज पहिल्यांदा चुकली.”