बारवेतलं माप

हे कुणाला सांगायचं नाही, असं वृषालीनं शपथ घालून बजावलं होतं. तरी सांगते.

“म्हणजे अजून किती काढायची राहिलीय, तेवढं सांग,” वृषाली म्हणाली.

“काय काढायची?”

“चरबी.”

सागरमाय बारवेच्या पायरीवर पाय सोडून बसली होती. गावातल्या मुलींच्या पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकवणारी ही म्हातारी. विहिरीत कुणी गेलं, तर तळातून वर आणणारीही तीच. लोक म्हणत, माणूस पाण्यावर निजलं की त्याच्या अंगात काय आहे अन् काय नाही, ते तिला दिसतं.

वृषालीनं पिशवीतून चरबी मोजायचा प्लास्टिकचा चिमटा काढला. दंडाची कातडी त्यात धरून दाखवली. “अकरा टक्के. जिल्ह्याच्या शर्यतीआधी दहाच्या खाली आणायचीय. आई म्हणते, माझं चुकतंय. तिनंच पाठवलंय तुझ्याकडं. तू सांग तिला, अजून आहे म्हणून.”

“खातीस काय?”

“काकडी. ताक.”

“आणिक?”

“... ताकच.”

“पाळी?”

वृषाली पाण्याकडं बघत राहिली. “थांबलीय.”

“बरं झालं. पळायला सोपं.”

वृषालीला वाटलं, म्हातारी हसेल. ती हसली नाही.

ऐन दुपार होती. ऊन सरळ तळाकडं उतरत होतं. वर चिंचेत एक होला घुमत होता, तोही मध्येच गप्प झाला.

सागरमायनं कनवटीचा दोरा सोडला. वृषालीच्या टाचेपासून डोक्यापर्यंत धरला, तिथं तोडला, दुमडून अर्धा केला अन् तिच्या पोटाभोवती फिरवला.

“परवा किराणावाला भानुदास आला होता. त्याच्या उंचीचा अर्धा दोरा त्याच्या पोटाला पुरंना. हातपाय काडीसारखे, सगळं साठलेलं आत, आतड्याभोवती. त्याला म्हणलं, बाबा, रोज चाल. गोड तोड.”

“मला पुरतो ना?” वृषाली खुशीत आली. “बघ, केवढा उरतो!”

“काय उरतो?”

“दोरा.”

“हं,” सागरमाय म्हणाली. “मग दोराच उरंल.”

वृषालीचे कान तापले. “दोऱ्यानं काय कळतं? तुझं ते पाण्यातलं माप घे. लोक म्हणतात, ते खोटं नसतं.”

“भोपळा बांध.”

“मला पोहता येतं.”

भिंतीतल्या कोनाड्यात चार-पाच भोपळे होते. पोहता येत असूनही, म्हातारी रागावू नये म्हणून, वृषालीनं सगळ्यात मागचा उचलला. त्याची सुतळी हिरवी पडली होती.

“तो नको.” सागरमायनं तो तिच्या हातातून काढून घेतला. पदरानं पुसला. जागेवर ठेवला. “तो तिचा आहे.”

“कुणाचा?”

“पाण्यावर नीज. श्वास सोड. हातपाय मारू नको. हाड बुडतं, चरबी तरंगती. पाण्याला ठरवू दे.”

वृषाली भोपळा न बांधताच पाण्यात उतरली अन् उताणी पडली. कानांत पाणी शिरलं आणि वरचं जग बंद झालं. तिनं श्वास सोडला...

पाणी हनुवटीवर आलं. मग ओठांवर. मग डोळ्यांवर. ती खाली जात होती, आणि तिला आनंद झाला. इतकी हलकी झाले मी, असं तिला वाटलं. पण हलकं माणूस खाली कसं जाईल, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

तळाकडं उजेड होता. बुडालेल्या पायऱ्या दिसत होत्या.

एका पायरीवर एक मुलगी बसली होती.

वृषालीच्याच वयाची. केस सरळ वर तरंगत होते. मान खाली. दोन बोटांनी ती स्वतःच्या दंडाची कातडी धरत होती, सोडत होती. मग पोटाची. मग मांडीची. बोटांत काहीच येत नव्हतं. तरी ती धरत होती. ओठ हलत होते.

मग तिनं मान वर केली. वृषालीकडं बघितलं. आणि ती दोन बोटं वृषालीच्या दंडाकडं पुढं केली...

वेणीला हिसडा बसला. सागरमायनं तिला ओढून पायरीवर टाकलं होतं.

वृषाली खोकली. भर उन्हात तिचे दात वाजत होते. दंडावर दोन लाल वळ उठले होते. चिमटा वर पायरीवरच पडलेला होता.

“माय... खाली कुणीतरी आहे.”

सागरमायनं तोंड फिरवलं नाही.

“काय करायली?”

“मोजतेय...”

“अजून मोजायलीच.” म्हातारी पाण्याकडं बघत राहिली. “मीच शिकवलं तिला पोहायला. माझ्या पोटची होती.”



मग सागरमायनं बाजूचं भाकरीचं फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी. तिळाची चटणी. लोण्याचा गोळा. तिनं भाकरी मोडली, तुकड्यावर लोणी चोपडलं आणि घास पुढं केला.

वृषालीनं लोण्याकडं पाहिलं. तिचा हात आपोआप चिमट्याकडं गेला.

“एवढं लोणी... थोडं कमी कर ना.”

“चिमट्याला विचार.”

“माय, मला एवढंच सांग, शर्यतीला मी...”

“वृषाली...”

हाक खालून आली. पाण्यातून. हळू, जवळची, मैत्रिणीनं मारावी तशी. आणि आवाज अगदी वृषालीचा होता.

तिनं मान वळवली. तोंड उघडलं.

सागरमायनं घास तिच्या ओठांशी धरला.

“ओ देऊ नको. आधी जेव.”