पुसातला एक गळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती, ते विचारू नका; आमच्या भिवरटोल्यात प्रत्येक म्हातारा वेगळा आकडा सांगतो आणि मग भांडणं लागतात. एवढं खरं, की तेव्हाही हे तळं होतं, तळ्याची पाळ होती आणि पाळीखाली ढिवरांची वस्ती होती. शेतं इतरांची, पाणी सगळ्यांचं, मासे मात्र ढिवरांचे. त्या वस्तीत कौतिका नावाची एक बाई राहायची. पाण्याखालचा मासा तिच्या पायांना कळायचा, असं म्हणतात.

हसायचं असेल तर नंतर हसा. आधी पूस महिना म्हणजे काय ते ऐका.

पूस, म्हणजे पौष, लागला की तळ्यातले मासे देवीकडे माहेरपणाला जातात, असं वस्तीत मानत. माहेरी गेलेल्या लेकीला सासरच्यांनी हाका मारायच्या नसतात. म्हणून पुसाच्या पहिल्या दिवशी जाळेकऱ्यांचा मुखिया घाटावरच्या खांबाला जांभळाची फांदी बांधायचा, आणि ती फांदी सुटेपर्यंत पाण्यात जाळं पडायचं नाही. नेम चांगलाच होता. तळ्याला विसावा मिळायचा, पिल्लं वाढायची. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत कमरेएवढ्या पाण्यात उतरायची कुणाची हौसही नव्हती. नेमाचं नाव पुढं करून सगळे बाप्ये शेकोटीला पाठ देऊन बसत.

त्या वेळी मुखिया होता डोमाजी. नुकताच बापाच्या जागेवर आलेला, तरणाबांड, नेमाला फार कडक. नवा मुखिया कडकच असतो, त्याला सगळ्यांना काहीतरी दाखवायचं असतं.

त्याच्या पहिल्याच पुसात कौतिका बाळंत झाली. नवरा आधीच तापानं गेलेला, घरात दुसरं कुणी नाही. थंडी अशी पडली, की तिला दूधच येईना. आमच्याकडं अशा वेळी ताज्या मरळ माशाचा रस्सा पाजतात. मरळ अंगात ऊब आणते आणि दूध उतरवते. ओली बाळंतीण कौतिका डोमाजीच्या दारात गेली आणि एक मासा मागितला. एकच. डोमाजी वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, "फांदी बांधली व माय. आता मले काई करता येत नाई." त्यानं तिला पायलीभर तांदूळ दिले. तांदळानं दूध येत नाही. पूस सरायच्या आतच तिचं लेकरू गेलं.

कौतिका रडली, ओरडली, जांभळाच्या फांदीकडं बघून नको नको ते बोलली. आणि पुढच्या पुसात ती एकटीच पाण्यात उतरली.

शिवणाची सुई चुलीत लाल करून तिनं तिचा गळ वळवला होता. दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, पाण्यात न दिसणारा. तरंगायला मोराच्या पिसाची दांडी. जाळेकऱ्यांना हे बघून हसू आलं. जाळं हे ढिवराचं काम. गळ टाकून बसणं म्हणजे ज्याला जाळं परवडत नाही त्याचा उद्योग. डोमाजी म्हणाला, "राहू द्या तिले. तिच्या गळाले काय लागते!" म्हणून तिला कुणी अडवलं नाही.

मेलेल्या लेकरासाठी ती मासा शोधत होती. हे वेडच, दुसरं काय म्हणणार? पण त्या वेडात तिला जे कळलं, ते वस्तीतल्या एकाही शहाण्याला कळलं नव्हतं.

सुरुवातीला तिलाही काही लागेना. जिथं आषाढात मासे उड्या मारतात, तिथं पुसात पाणी नुसतं पडून असतं. मग ती गळ काठावर ठेवून अनवाणी पाण्यातून चालायला लागली. हळूहळू, पाय न उचलता, चिखलावरून घसरत. पोटऱ्या बधिर व्हायच्या, पण तळव्यांना फरक कळायचा. इथं पाणी सुरीसारखं लागतंय, इथं थोडं कमी. अशी चालत चालत ती टेकडीकडच्या अंगाला गेली, शिंगाड्याच्या वेलांच्या पलीकडं. आणि तिथं तिच्या पायांना ऊब लागली. जमिनीतून झरा येत होता. भुईच्या पोटातलं पाणी थंडीत कोमट लागतं, आणि तळ्यातली प्रत्येक मरळ त्या झऱ्याभोवती चिखलाला पोट टेकवून बसली होती. देवीचं घर म्हणतात ते हेच असावं. मला तरी तसंच वाटतं.

पण मासा सापडणं आणि मासा लागणं यात फार फरक. थंडीत मासा आळसावतो, तोंडापुढचं खायलाही हलत नाही. तिनं मोठं गांडूळ लावून बघितलं, त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मग नखाएवढा झिंगा लावला, तळाशी नेऊन ठेवला, आणि हलवलाच नाही. वाट पाहिली. पाऊसकाळी मोरपीस गपकन बुडतं. पुसात ते बुडत नाही, नुसतं जरासं कलतं, झोपेत माणूस कूस बदलतो तेवढंच. तेवढ्यात ओढायचं. तिनं ओढलं आणि हातभर मरळ वर आली. कौतिकानं ती छातीशी धरली, असं म्हणतात, आणि परत पाण्यात सोडली. कुणाला द्यायची होती?

असे कितीतरी पूस गेले. ती धरायची आणि सोडायची. धुकं पडलं तरी ती उभी असेल तिथं धुकं बाजूला व्हायचं, असं म्हणतात. मासे तिच्या पायांशी येऊन, दावणीच्या वासरांसारखे, अंग घासायचे, असंही म्हणतात. यातलं काही मी पाहिलेलं नाही. पण सांगणारे सगळे सारखंच सांगतात, आणि आमच्या गावात सगळे सारखं सांगतात अशी दुसरी गोष्ट नाही.

मग तो पूस आला. गुरांच्या अंगावर पोती बांधली तरी गुरं थरथरत होती. त्या थंडीत डोमाजीच्या सुनेला, पार्बताला, मुलगा झाला. डोमाजी आता पिकला होता, आणि घरातलं हे पहिलंच नातवंड. पार्बताला ताप भरला आणि दूध काही येईना. बकरीचं दूध दिलं, ते बाळानं ओकून टाकलं. वस्तीत तेव्हा अंगावर पाजणारी दुसरी बाई नव्हती. सुईण सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मरळ आना. आजच्या आज आना, नाईतर मले नंतर बोलू नोका."

डोमाजी खांबाकडं गेला. स्वतः बांधलेल्या फांदीपुढं तो बराच वेळ उभा राहिला, असं म्हणतात. काय आठवलं असेल, ते सांगायला नको. मग त्यानं फांदी स्वतःच्या हातानं सोडली.

सगळी जाळी निघाली. आणि मग जाळेकऱ्यांनी तेच केलं, जे ते दर उन्हाळ्यात करायचे. बांबूंनी पाणी बडवलं, डबे वाजवले, आरोळ्या ठोकल्या. उन्हाळ्यात मासा हाकाऱ्यानं उठतो आणि जाळ्यात शिरतो. थंडीत तो उठत नाही, चिखलात आणखी खोल जातो. जितका आवाज, तितका मासा खोल. जाळी वर आली ती शेवाळ आणि शिंपले घेऊन. म्हणून त्यांनी आणखी बडवलं. दिवस मावळेपर्यंत बडवलं.

कौतिका आपल्या घरात बसून ते सगळं ऐकत होती. आता म्हातारी झाली होती, सगळे तिला कौतिकाबुढी म्हणत. काही जण सांगतात, ती लगेच धावली. मला ते पटत नाही. ज्यांना ती देवीच हवी, ते तसं सांगतात. खरी गोष्ट अशी, की ती गुडघ्यांना मिठी मारून दिवसभर बसून राहिली, आणि डोमाजीची रिकामी जाळी ऐकून तिला बरं वाटलं. का वाटू नये? तिच्याही घरात असंच एक रडणं बारीक होत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा डोमाजीच्या घरातून रडणं ऐकू येईना. कौतिका उठली. गळ घेतला आणि निघाली.

त्याच वेळी डोमाजी तिच्या दाराशी आला होता, दुसऱ्या वाटेनं. घर रिकामं. तो तसाच पाळीवर चढला आणि त्यानं बघितलं, टेकडीच्या अंगाला बुढी मांड्यांएवढ्या पाण्यात उभी. तो धावत खाली गेला.

"माय, मी..."

"चूप राय," ती म्हणाली. "काल लय बोंबललात. सारे मासे भेले. आता पाण्यात ये, आन उभा राय. हलू नोको."

जाळेकऱ्यांचा मुखिया पाण्यात शिरला आणि तिच्याशेजारी उभा राहिला. थंडीनं त्याचे दात वाजायला लागले तेव्हा त्यानं पटक्याचा बोळा तोंडात धरला. पीस हलेना. ऊन पाळीवर आलं, पाण्यावर आलं, तरी हलेना. कालच्या धिंगाण्यानं मासे चिखलात गडप झाले होते. तेव्हा कौतिका वाकली आणि पाण्याशी बोलली, असं म्हणतात.

"तू माहेरी आली, मले ठाऊक हाय. आरामात हाय, तेबी ठाऊक हाय. पन तिकडं एक बाळंतीन लेक बिनदुधाची पडली. माह्याकडं कोनी आलं नोतं. तू ये."

तिच्या पायांभोवतालचं पाणी गरम झालं, त्यातून वाफ निघाली आणि पीस कललं. वाफ डोमाजीनं स्वतः पाहिली, असं म्हणतात. पुढं त्याचा तो नातूच हे सगळ्यांना सांगायचा, आणि तो नातू खूप म्हातारा होऊन मेला. तेव्हा मासा मिळाला, यात तरी शंका नको.

मरळ घेऊन डोमाजी घराकडं पळाला. रस्सा झाला, पार्बताच्या पोटात गेला. सायंकाळी बाळाच्या ओठांना दूध लागलं आणि ते रडलं. आख्ख्या वस्तीनं ते रडणं ऐकलं, आणि बाया पदर तोंडाला लावून रडल्या.

मग डोमाजीला आठवण झाली, बुढी कुठं आहे? ती झऱ्यापाशीच होती, काठावर बसलेली. तिला उठता येत नव्हतं. त्यानं तिला पाठीवर घेऊन आपल्या दारात आणलं. तिचे पाय दगडासारखे झाले होते. डोमाजीनं घंगाळात कढत पाणी घेतलं, उंबऱ्याबाहेर तिच्यापुढं बसला, आणि त्यानं स्वतःच्या हातांनी ते पाय धुतले, चोळले, शेकले. सुना-लेकी होत्या, त्यांना त्यानं हात लावू दिला नाही. तो मोठमोठ्यानं रडत होता.

"तुले काय देऊ, माय?" त्यानं विचारलं. "जाळ्यातला पुरा वाटा देतो."

"वाटा ठेव," कौतिका म्हणाली. "फांदी बांध. पन बाळंतीन हाय त्या घरासाठी एक गळ मोकळा ठेव. आन कोनाची बाळंतीन, हे विचारू नोको."

त्यानंतर तिचे पाय कधी पुरते गरम झाले नाहीत. एक-दोन पूस ती जगली. गेली तेव्हा वस्तीनं तिला झऱ्याच्या वरच्या टेकडीवर माती दिली. तिचे पाय मात्र तळ्यातच आहेत, म्हणून ते पाणी अजून कोमट, असं म्हणतात.

भिवरटोल्यात आजही पुसाच्या पहिल्या दिवशी जांभळाची फांदी बांधतात, आणि महिनाभर जाळं पडत नाही. पण गावात बाळंतीण असेल तर कुणीतरी एक जण गळ घेऊन झऱ्याकडं जातो. आता नायलॉनचा दोरा आला, दुकानातला गळ आला. मोराचं पीस आणि नखाएवढा झिंगा तेवढा तोच. कोण जाणार, हे ठरवत नाहीत. ज्याच्या कानावर पडतं, तो जातो. बाळंतिणीच्या दारात घंगाळभर पाणी तापत असतं. मासा आणणारा कुणीही असो, कुठल्याही जातीचा, कितीही लहान, घरातला सर्वांत मोठा माणूस बाहेर येतो आणि आपल्या हातानं त्याचे पाय धुतो.

गेल्या पुसात आसारामच्या सुनेला मुलगी झाली. शिंगाड्याच्या वाट्यावरून आसाराम आणि फत्तू यांची कोर्टात केस चालू आहे, एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मासा घेऊन आला तो फत्तू. आसाराम घंगाळ घेऊन बाहेर आला, खाली बसला आणि पाय धुऊ लागला. पाणी चांगलं कढत होतं, आणि आसाराम ते गार होईपर्यंत उठला नाही.