मूठभर पाल्याचा काढा

भाविक हो, सह्याद्रीच्या एका सोंडेखाली सावरटेक नावाचे शंभरेक उंबऱ्यांचे गाव होते. श्री मल्हारनाथ महाराज एका मार्गशीर्षात फिरत फिरत तेथे आले, ओढ्याकाठच्या ओसाड धर्मशाळेत उतरले आणि मग तेथलेच झाले. गावाने धर्मशाळेवर नवे छप्पर चढवले, पुढे ओटा बांधला आणि त्या जागेला मठ म्हणायला सुरुवात केली. महाराज कोणाला मंत्र देत नसत की गंडेदोरे करत नसत. दारात येईल त्याला पहिला प्रश्न एकच, “जेवलास का रे बाबा?”

या मठात सगुणाक्का सेवेला असे. माळ्याची लेक, माळ्याची सून. ऐन तारुण्यात धनी गेला, पोटी मूलबाळ नाही. आपले दुःख सांगायला ती एकदा महाराजांपुढे बसली. महाराजांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मठामागच्या दगडगोट्यांनी भरलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणाले, “अक्का, तुझ्या हाताला माती कळते. एवढं आमचं परसू हिरवं कर.”

एवढेच शब्द! पण सगुणाक्काने ते पदरात बांधून घेतले. दगड वेचले, ओढ्यातून घागरीने पाणी वाहिले. दोन वर्षांत त्या जागी गवती चहाची बेटे उभी राहिली, तुळशीचे वाफे झाले, कडेने अडुळसा वाढला, आल्याचे कोंब फुटले, निंबाच्या झाडावर गुळवेल चढली. रोज सकाळी आरती आटोपली की ती मठाच्या चुलीवर मोठे पातेले चढवी. कोणाला खोकला असे, कोणाचे अंग कणकणत असे, कोणी नुसताच थंडीने गारठलेला असे. प्रत्येकाला ती वाटीभर काढा देई. घसा धरलेल्याला हळद-मिठाच्या गुळण्या सांगे, पोट फुगलेल्या लेकराला ओव्याची पुरचुंडी शेकून देई. ओतताना तोंडाने नाथांचे नाव चालू असे. लोक म्हणत, अक्काने कपाळाला हात लावला की निम्मे दुखणे तेथेच उतरते.

आता याच गावात नरहरशास्त्री नावाचे वैद्य राहत. विद्वान माणूस. बारा वर्षे गुरुगृही राहून शिकलेले, निदान अचूक, हाताला यश. पण त्या यशाचा ताठा त्यांच्या मानेत उतरला होता. मठातल्या काढ्याची कीर्ती त्यांच्या कानी गेली आणि एका एकादशीला ते मुद्दाम मठात आले. महाराजांना नमस्कार केला न केला, आणि ओट्यावर वाट्या घेऊन बसलेल्या मंडळींकडे वळले.

“वा! आता चुलीपाशी वैद्यकी सुरू झाली म्हणायची! उद्या पोळपाटावर हाडं बसवाल. काय गं, कोणता ग्रंथ वाचलास तू?”

सगुणाक्काने पळा पातेल्यात ठेवला. “मला कुठलं वाचाय येतंय, बुवा? सासूबाईंनी दावलं तेवढं करते.”

“सासूबाईंनी!” शास्त्री खदखदून हसले. “अरे, हा पाला शेळीपुढं टाका. ती तरी दूध देईल!”

मंडळींत दोघेचौघे हसले. सगुणाक्काने मान खाली घातली. अश्रू पातेल्यात पडू नयेत म्हणून तिने तोंड फिरवले. महाराज जागेवरूनच म्हणाले, “अक्का, तुझ्याकडे आलेल्या सगळ्यांनाच तू काढा देतेस का गं?”

“न्हाई महाराज. ज्याचा ताप तीन दिसांत हटंना, जो अन्नपाणी ठेवंना, ज्या लेकराचं श्वास घेताना पोट उडतंय, त्याला म्या हात लावत न्हाई. त्याला शास्त्रीबुवांच्याच दारात धाडते.”

महाराज शास्त्र्यांकडे पाहून मंद हसले. “ऐकलंत? आपल्या विद्येची शीव हिला ठाऊक आहे. तुमच्या विद्येची शीव तुम्हाला ठाऊक आहे का?”

शास्त्र्यांनी उपरणे झटकले आणि ते निघून गेले.

पुढे माघात एका दुपारी आभाळ काळवंडले आणि आवळ्याएवढ्या गारा कोसळल्या. पाव घटका, तेवढ्यात सगळे संपले. सगुणाक्का परसात धावली तेव्हा तिथे हिरवे म्हणावे असे काही उरले नव्हते. तुळशी मोडून चिखलात निजल्या होत्या. अडुळशाच्या नुसत्या काड्या उभ्या होत्या, आल्याचा वाफा पाण्याबरोबर ओढ्याला मिळाला होता. छपराची कौले फुटून माळ्यावरच्या सुकवलेल्या जुड्याही भिजल्या, आणि दोन दिवसांत त्यांवर बुरशी धरली.

गारांमागून आली ती बोचरी थंडी, आणि थंडीमागून घरोघर पडसे, खोकला, कणकण. माणसे शाली-घोंगड्या पांघरून मठाच्या ओट्यावर येऊन बसू लागली. सगुणाक्काने तीन दिवस डब्यांतला साठा चिमूटचिमूट पुरवून काढा केला. चौथ्या दिवशी सकाळी डबे झाडले, तेव्हा गवती चहाची दहाएक पाती, चिखलातून वेचलेली चार तुळशीची पाने आणि सुंठेचा एक तुकडा हाती लागला. मूठ उघडी ठेवून ती महाराजांपुढे उभी राहिली.

“महाराज, एवढंच हाय. आन् भाईर निम्मं गाव बसलंय. आज मी त्यास्नी काय तोंड दावू?”

“पातेलं चढव,” महाराज म्हणाले. “पाणी रोजच्याइतकंच घाल.”

“नुसतं गरम पाणी हुईल, महाराज.”

“होऊ दे. रोज ज्याचं नाव घेऊन ओततेस, तो काय परसातल्या पाल्यात राहत होता? गारांनी त्याला झोडपलं का?”

सगुणाक्काने डोळे पुसले. चूल पेटवली, पाणी ओतले, मूठ त्यात सोडली आणि हात जोडून खाली बसली. पाणी खळखळू लागले. आणि काय सांगावे! पाण्याला गडद रंग चढला. वाफेबरोबर असा सुवास सुटला की ओट्यावरच्या चोंदलेल्या नाकांनाही तो कळला. “अक्का, आज काय काय घातलंस गं?” म्हणून म्हाताऱ्या विचारू लागल्या. तिने पहिली वाटी भरली, दुसरी भरली, विसावी भरली. पळा बुडवावा तर काढा तेवढाच! दुपार झाली, माणसे येत होती, पिऊन घाम पुसत घरी जात होती, आणि पातेले काठापासून दोन बोटांच्या खाली उतरले नव्हते. सगुणाक्का पातेल्याकडे पाहायलाही भ्याली. नुसते नाव घेत ओतत राहिली.

इतक्यात हौसा कुंभारीण धापा टाकत आली. तिच्या कडेवर तीन वर्षांची चिमा होती. “अक्का, लवकर वाटी दे. कालपासनं पोरगी डोळं उघडंना.”

सगुणाक्काने वाटी भरली, आणि सवयीने पोरीचे झबले वर करून पाहिले. श्वासागणिक पोरीच्या बरगड्यांखाली खड्डा पडत होता, पोट भात्यासारखे उडत होते. सगुणाक्काने वाटी खाली ठेवली.

“हिला काढा न्हाई, हौसे. हिला शास्त्रीबुवा पायजेत.”

“अगं, ते सवताच अंथरुणाला खिळल्यात! आन् आज तुझ्या पातेल्यात देव उतरलाय म्हणत्यात सगळी. दे की!”

“देव उतरलाय म्हणून मी त्याची परीक्षा बघू व्हय? चल.”

हे ऐकताच महाराज जागेवरून उठले. भाविक हो, भर दुपारी आपले आसन सोडून महाराज कोणासाठी उठल्याचे गावाने त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी स्वतःच्या हाताने एक तांब्या काढ्याने भरला आणि सगुणाक्काच्या हाती दिला.

“हा शास्त्रीबुवांना पाज. म्हणावं, मल्हारनाथानं बोलावलेलं नाही. लेकरानं बोलावलंय.”

शास्त्र्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने, उमाकाकूंनी, दार उघडले. शास्त्री आत रजईखाली कुडकुडत होते. पाच दिवस घसा बंद, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आपल्याच कडक मात्रा त्यांनी उपाशीपोटी घेतल्या होत्या आणि त्या पोटात ठरत नव्हत्या. सगुणाक्काला पाहताच त्यांनी हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली.

सगुणाक्का जागची हलली नाही. उंबऱ्याच्या आत कधी पाऊल न टाकलेली ती बाई सरळ अंथरुणापाशी गेली आणि तांब्या खाली ठेवून म्हणाली, “बुवा, ह्यो काढा तुमच्या विद्येच्या बरोबरीचा न्हाई. म्या कुठं म्हणते? पर तुमची विद्या रजईखाली निजलीया आन् ह्या लेकराला ती आत्ता पायजे. तिला उठवाय आले मी. मला मागनं काय बोलायचं ते बोला.”

आणि तिने चिमाला त्यांच्यासमोर धरले.

शास्त्र्यांची नजर पोरीच्या पोटाकडे गेली आणि त्यांच्यातला वैद्य जागा झाला. त्यांनी तांब्या घेतला आणि घोट घोट करत काढा प्यायले. पहिल्या घोटाला घसा शेकला. दुसऱ्याला छाती मोकळी झाली. तांब्या रिता होईतो कपाळावर घाम डवरला, अंगातली हुडहुडी ओसरली, आणि पाच दिवसांनी त्या घरात शास्त्र्यांचा आवाज उमटला.

“अगं, खल आण! आणि माझी ती लाल कापडातली पुडी!”

उमाकाकूंच्या डोळ्यांना धारा लागल्या, पण पाय धावत होते. शास्त्र्यांनी मात्रा उगाळली, मधात कालवून पोरीच्या जिभेला लावली. छातीला शेक दिला, घटकाभराने पुन्हा मात्रा दिली. सगुणाक्का निखारे फुलवत होती, कापड गरम करून देत होती. दोघांत शब्द नव्हता, तरी एकाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने हवी ती वस्तू त्यात ठेवावी, असे चालले होते. उन्हे कलली तेव्हा पोरीचे पोट उडायचे थांबले. तिने डोळे उघडले, आईकडे पाहिले आणि बारीक आवाजात पेज मागितली. हौसाने जो हंबरडा फोडला तो आनंदाचा होता!

शास्त्री भिंतीला टेकून बसले. म्हणाले, “सगुणे, त्या काढ्यात अडुळसा चांगला मुरला होता. ज्येष्ठमध होतं, पिंपळी होती. सुरेख मेळ. एवढ्या गारपिटीत हे आणलंस कुठून?”

“अडुळशाचं एक पान उरलं न्हाई, बुवा. आन् पिंपळी मी जन्मात कधी वापरली न्हाई. गवती चहा, तुळस आन् सुंठ. मूठभर.”

“माझी जीभ चुकत नाही,” शास्त्री म्हणाले. ते तसेच उठले, उपरण्याचेही भान न ठेवता मठात आले; मागोमाग सगुणाक्काही आली. चूल विझली होती, शेवटच्या माणसाला पुरून पातेल्यात तळाशी आता फक्त चोथा होता. शास्त्र्यांनी बाह्या सारल्या आणि पातेल्यात हात घालून चोथा बाहेर काढला. ओट्यावर एकेक पान सुटे करून मांडले. गवती चहाची दहा पाती. तुळशीची चार पाने. सुंठेचा एक तुकडा. त्यांनी पातेल्याच्या तळावरून पुन्हा हात फिरवला. दुसरे काही नव्हते.

“किती जण प्यायले आज?” त्यांनी विचारले.

“समदं गाव,” कोणी तरी म्हणाले.

शास्त्र्यांनी ती पाने पुन्हा एकदा मोजली. मग वळले आणि महाराजांच्या पायांवर त्यांनी लोटांगण घातले. “महाराज, तुम्ही मला शीव विचारली होती. आज ती दिसली. औषध मी ओळखलं, पण ते कुणी घातलं हे ओळखता आलं नाही.”

महाराजांनी त्यांना उठवून छातीशी धरले. “शास्त्रीबुवा, लेकरू तुमच्याच विद्येनं वाचलं. ती थोर आहे, ती सोडू नका. शिंक-पडशाला चूल पुरते, जिवावर बेतलं तर वैद्य लागतो, आणि दोघांच्याही हाताला यश देणारा एकच. पण नमस्कार चुकीच्या जागी केलात. रागलोभ विसरून लेकरू घेऊन जी तुमच्या दारात उभी राहिली, ती तिकडे आहे.”

शास्त्री वळले. सगुणाक्का खांबाआड सरली होती. बारा वर्षे गुरुगृही शिकलेला तो विद्वान साऱ्या गावादेखत तिच्यापुढे गेला, गुडघे टेकले आणि त्याने जमिनीवर मस्तक ठेवले.

सगुणाक्का भेदरली. पाय मागे ओढून घेत म्हणाली, “अगंबाई! बुवा, उठा, उठा! वल्ल्या भुईवर कपाळ कशाला टेकताय? आत्ताच ताप उतरलाय. आन् दोन दिस ताक पिऊ नगा!”

“नाही पिणार, अक्का,” शास्त्री म्हणाले. पण मस्तक काही त्यांनी लवकर उचलले नाही.