बिनविरोध अध्यक्ष

आमच्या जिल्ह्याच्या डॉक्टर संघटनेत डॉ. घारपुरे सतरा वर्षं बिनविरोध अध्यक्ष होते. खुर्चीला म्हणे त्यांच्या पाठीचा आकार आला होता. दुसरा कुणी बसला की ती टोचायची!

यंदा मात्र त्यांच्या टेबलावर कमल गायधनी नावाची बाई दगावली. सर्जन घारपुरे, भूल दिलेली डॉ. अनघा केंजळेनं. चौकशी समिती नेमणार अध्यक्ष, म्हणजे खापर भुलीवर फुटणार आणि आपली प्रॅक्टिस संपणार, हे अनघाला स्वच्छ दिसत होतं.

वार्षिक सभेत घारपुरे गरजले, "माझ्यावर विश्वास असेल त्यांनी हात वर करा!"

अनघाचा सोडून झाडून सगळे हात वर गेले. घारपुऱ्यांनी आपलाही केला. "काय केंजळेबाई, स्वतःच्याच हाताला भूल दिलीत वाटतं?"

सभागृह खदखदलं. अनघा उठली.

"सर, आता एवढंच करू. गेल्या पाच वर्षांत ज्यांनी आपल्या आईला, बायकोला, पोराला ऑपरेशनसाठी सरांकडे पाठवलं, त्यांनीच हात वर ठेवा."

हसू विरलं. एक हात खाली आला, मग दुसरा, मग रांगाच्या रांगा. वर एकटा अध्यक्षांचा हात उरला. इतका वेळ गर्दीत न दिसलेलं आता सगळ्यांना दिसलं. तो हात थरथरत होता. ऑपरेशनच्या दिवशी अनघानं हेच पाहिलं होतं.

म्हातारे डॉ. शेजवलकर पुढे झाले. "यशवंता, हात खाली घे बाबा," ते हलकेच म्हणाले. "समिती आम्ही नेमतो."