तांबट आळीचे ध्यान

एका राज्यात, जिथे लोक आधी माणसाच्या हाताकडे बघत आणि मग तोंडाकडे, वेशीवर तांब्याचा एक नगारा होता. तो रोज पहाटे वाजे. त्याचा नाद जिथवर पोचे तिथवर माणसाला नवे काही सुचे. विणकराला नवे काठ सुचत, चिताऱ्याला नवा रंग, गवयाला नवी तान, लेकुरवाळीला नवी अंगाई. तो नगारा गोंदोबा तांबटाने घडवला होता. त्याच्यावर कोणाचेही नाव नव्हते. तांबट आळीची रीतच तशी होती. भांड्यावर ठोके दिसावेत, नाव दिसू नये.

एके दिवशी खर्परक नावाचा मांत्रिक आला. नगाऱ्याचा नाद ऐकला आणि त्याला हाव सुटली.

"तांबटा, या नगाऱ्यावर माझे नाव कोर."

"महाराज, नगाऱ्यावर हात असतो, नाव नसते," गोंदोबा म्हणाला.

"राजाचेही नाही?"

"राजाचेही नाही."

राजा तिथेच उभा होता. त्याने मान डोलावली, कारण ते खरे होते.

मांत्रिकाचे डोळे लाल झाले. त्याने कमंडलूतले पाणी फेकले आणि शापवाणी उच्चारली, "नगारा फुटो. या राज्यात नवे काही न घडो. आणि तांबटा, ज्या हातांचा तुला एवढा ताठा, ते हात तांब्याचे होवोत. महिन्या महिन्याला तांबे वर चढेल. कंठाशी पोचले की तू पुतळा!"

नगारा तडकला. गोंदोबाची बोटे तांबडी, थंड, ताठ झाली. राजाने हात जोडून उःशाप मागितला.

मांत्रिक हसला. "ध्यानाने नगारा घडवला, असे ज्या दिवशी मी माझ्या तोंडाने बोलेन, त्या दिवशी शाप फिटेल. तोवर या राज्यात एकही नगारा बोलणार नाही. आणि मी कशाला बोलतोय?" एवढे म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून राज्यात सगळे शिळे झाले. विणकराच्या मागावर कालचेच काठ उमटू लागले. चितारी मोर काढायला बसे आणि कालचा पोपट उतरे. दारोदारी एकच रांगोळी. आया तीच अंगाई गात आणि पोरे कंटाळून जागी राहत. फक्त राजकवीच्या काव्यात कोणाला फरक जाणवला नाही. त्याचे बारा वर्षे तेच चालले होते.

पंडितांनी उःशापाचा अर्थ लावला. ध्यान म्हणजे समाधी, म्हणून देशोदेशीचे तपस्वी बोलावले. ते तांब्याच्या राशीपुढे मांडी घालून, डोळे मिटून बसले. एक महिना गेला, दुसरा गेला. तपस्वी उठले आणि रास होती तशीच राहिली. डोळे मिटून तांबे वाकत नाही हे आळीतल्या कोंबडीलाही ठाऊक होते. पण कोंबडीला दरबारात कोण विचारतो?

गोंदोबाला एक लेक होती, भिवरा. ताडासारखी उंच, एक डोळा उगवतीला तर एक मावळतीला. लहानपणापासून ऐरणीशी बसल्याने डाव्या कानाने ठार बहिरी. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले, नाकाला कायम काजळी. हातोडा हाती आला की तिला जगाचा विसर पडे. दूध उतू जाई, वासरू सुटे, पाहुणे येऊन दारातून परत जात, आणि हिचा ठोका चालूच. आळीतल्या बाया म्हणत, "काय बाई ध्यान आहे!" भिवरा हसे आणि पुढचा ठोका देई.

तांबे आता बापाच्या कोपरापर्यंत चढले होते. भिवरा त्याला घास भरवत होती.

"पोरी, नगारा तू घडव," गोंदोबा म्हणाला.

"आबा, माझ्याच्यानं कसा व्हायचा?"

"तुझ्याच्यानं नाही झाला, तर या आळीत कुणाच्याच्यानं होणार नाही. मी घास चावत बोलतोय म्हणून खोटं समजू नको."

अंगणातल्या उंबरावर तांबट पक्षी बसला होता. हिरवा, कपाळावर लाल टिळा. भर दुपारी टुक, टुक, टुक असे त्याचे काम चाले, म्हणून तर त्याला तांबट म्हणायचे. त्या दुपारी तो माणसाच्या वाणीने बोलला. भिवरेला त्याचे नवल वाटले नाही. इतकी वर्षे शेजारी राहिलेला कधीतरी बोलणारच.

"भिवरे, दरबारातले तांबे शापाने भित्रे झाले. तांबडटेकडीच्या गुहेतले आण. जाताना डोळा आवर, येताना कान आवर, घडवताना मन आवर. तीन आवरलेस तर नगारा तुझा."

भिवरा निघाली. पक्षी पुढे, ती मागे.

गुहेत शापित खजिना होता. भिंतींना सोने, छताला माणके, आणि कोपऱ्यात तांब्याचा एक मळकट पत्रा. ज्याची नजर सोन्याकडे वळे त्याच्या हातातल्या तांब्याची माती होई. आजवर तिथे मातीचे सत्तर ढीग पडले होते. भिवरा आत शिरली. तिला पत्रा दिसला आणि तिने त्याची जाडी बोटाने पाहिली, कड पाहिली, टिचकी मारून आवाज पाहिला. बाहेर आल्यावर पक्ष्याने विचारले, "सोने कसे होते?"

"कोणते सोने?" भिवरा म्हणाली.

परतीच्या वाटेवर बोलक्या शिळांची खिंड होती. शिळा आधी स्तुती करत, मग निंदा. जो उत्तर देई तो शिळा होई. त्यांनी भिवरेच्या डाव्या कानाशी तासभर स्तुती केली आणि फुकट घसा कोरडा केला. मग त्या उजवीकडे वळल्या. "बाप तिकडे मरतोय आणि तू इकडे भटकतेस! काळतोंडे!" ते मात्र तिला लागले. डोळ्यांत पाणी आले. उत्तर ओठाशी आले. तिने पाठीवरचा पत्रा काढला, हातोडा घेतला आणि चालता चालता ठोका धरला. एक श्वास, एक ठोका. एक श्वास, एक ठोका. शिव्या देता देता शिळा ठेक्यात आल्या, आणि खिंड ओलांडेपर्यंत त्या तिला साथ करू लागल्या.

घरी आली तेव्हा तांबे बापाच्या खांद्यापर्यंत आले होते.

आता मन राहिले. भिवरेने भट्टी पेटवली, पत्रा तापवला, ठोकून त्याला पोट आणले. मग मठार सुरू केला. मठार म्हणजे शेवटचे बारीक ठोके, एकाला एक लागून. त्यांनी भांड्याला बळ येते आणि झळाळीही. अर्धे काम झाले आणि तिच्या मनात आले, नगारा वाजला की आबांचे हात सुटतील. त्याच ठोक्याला तांबे तडकले.

तिने ते वितळवले, पुन्हा पत्रा ओतला, पुन्हा घडवला. पुन्हा आबा आठवले. पुन्हा तडा गेला.

भिवरेने हातोडा टाकला आणि मोठ्याने रडली. "मला जमायचं नाही! बापाला मनातून कसं काढू?"

"काढायला कोणी सांगितले?" पक्षी म्हणाला. "घरी पाहुणा आला तर काय करतेस?"

"कामात असले तर दिसतच नाही."

"आणि दिसला तर?"

"पाट देते. पाणी देते. म्हणते, बसा."

"मग?"

"मग काम करते."

पक्षी पुन्हा टुक, टुक करू लागला.

भिवरा तिसऱ्यांदा बसली. आबा आठवले. तिने त्यांना मनात पाट दिला, म्हणाली, "बसा आबा," आणि ठोका दिला. तांबे थोडेसे दबले, पण तडकले नाही. भीती आली, तिलाही पाट दिला. आळीचे हसणे आले, त्यालाही. पाट संपले नाहीत. एक श्वास, एक ठोका. तिसऱ्या दुपारी पाहुणे यायचे थांबले. ठोके आपसूक वळण घेऊ लागले, आणि नगाऱ्यावर अशी नक्षी उमटली जी त्या आळीत कोणी घातली नव्हती. मागे वळत, पुढे जात, कुठे सुरू झाली ते कळू नये. शाप असताना, सगळे राज्य शिळे खात असताना, तिच्या हाताखाली नवे घडले. मला सांगायला अभिमान वाटतो, तिला ते कळलेसुद्धा नाही.

तिने नगारा कातड्याने मढवला आणि दरबारात नेला. गोंदोबाला पालखीतून आणले होते. तांबे त्याच्या कंठाशी टेकले होते. राजाने स्वतः टिपरी मारली. आवाज झाला नाही.

पंडित पुढे आले. "महाराज, ध्यान कुठे झाले? ही तर हातोडा मारत होती."

इतक्यात ध्यानीमनी नसताना खर्परक समोर उभा राहिला. आपला विजय बघायला आला होता. नगाऱ्याची नक्षी पाहून त्याने भुवया चढवल्या.

"कोणी घडवला हा?" त्याने दरडावून विचारले.

"मी," म्हणत भिवरा पुढे झाली. लुगडे खोचलेले, नाकाला काजळी, एक डोळा मांत्रिकाकडे आणि एक राजाकडे.

मांत्रिक खो खो हसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काय? या ध्यानाने नगारा घडवला?"

खिडकीत बसलेला पक्षी म्हणाला, "टुक. बोललास."

मांत्रिकाने तोंडावर हात नेला, पण शब्द निघून गेला होता. त्याची जीभ तांब्याची झाली, मग तो सगळाच आकसला, आणि फरशीवर एक तांब्याची टिपरी पडली. राजाने ती उचलून नगाऱ्यावर मारली. नाद उठला. विणकराच्या मागाला नवे काठ आले, चिताऱ्याच्या पोपटाचा मोर झाला, आणि राजकवीला भर दरबारात दुसरी ओळ सुचली.

गोंदोबाच्या गळ्यावरून, खांद्यावरून, बोटांवरून तांबे उतरले. तो पालखीतून उठला. आधी नगाऱ्याशी गेला, आणि सुटलेल्या बोटांनी ठोक्यावर ठोका चाचपत फिरला. एका जागी बोट थांबले.

"पोरी, इथं एक ठोका खोल गेलाय."

"तिथं तुम्ही आठवलात, आबा," भिवरा म्हणाली. "तिथं तुम्हाला पाट दिला."

गोंदोबाचे बोट बराच वेळ त्या खळगीत राहिले.

राजा म्हणाला, "भिवरे, आज रीत मोडू. नगाऱ्यावर तुझे नाव कोरू."

"रीत कशाला मोडता, महाराज? नगाऱ्यावर हात आहे."

"मग प्रजेने विचारले, हा कोणी घडवला, तर काय सांगू?"

उत्तर गोंदोबाने दिले. आळीतल्या बाया ऐकत होत्या, पंडित ऐकत होते. त्याने दोन्ही हातांनी लेकीचे काजळीचे तोंड धरले आणि छाती भरून म्हणाला, "सांगा, हे माझं ध्यान आहे!"

तेव्हापासून त्या राज्यात कामात हरवलेल्या लेकराला आई कौतुकाने ध्यान म्हणते. ठोक्या ठोक्याने वाढलेली ही कहाणी एका बोलाने फळली. ऐकणाऱ्यांचे हात चालते राहोत.